ठमाजी दारात थांबतो

“पण बाई, हसू गेलं कुठे?”

हेरंबनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाई ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. उत्तर द्यायची त्यांना घाई दिसली नाही. त्यांनी एक दाणा उजेडात धरून पाहिला आणि परत ताटात टाकला.

आजऱ्यात, बाईंच्या गावच्या घरी, सकाळचे दहा वाजले होते. हेरंब सामंत आदल्या दिवशी कोल्हापुरात मुक्काम करून, सकाळी गाडी काढून इथवर आला होता. बाईंच्या पाया पडला तेव्हा त्यानं नजर वर उचलली नव्हती. अठरा वर्षांनी त्यांना भेटत होता.

शरयू केसरकरांना या धंद्यातले सगळे लोक नुसतं ‘बाई’ म्हणायचे. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी ठमाजी पोस्टमन काढला. कागदावर, पेन्सिलीनं, एकेक चित्र हातानं काढून, एकसष्ट भाग. रविवारी सकाळी बारा मिनिटं ठमाजी टीव्हीवर यायचा, आणि त्या बारा मिनिटांत नळाला पाणी आलं तरी घरातलं कुणी उठायला तयार नसायचं.

ठमाजीचं काम एकच. चुकीच्या घरी पत्र देणं. भाऊबंदकीचं पत्र नवीन जोडप्याला, सोयरिकीचं पत्र सत्तरीच्या विधुराला. त्यातून गोंधळ उडायचा आणि गोंधळातून कुणाचं तरी भलं व्हायचं.

पण दार आलं की तो थांबायचा. डोक्यापेक्षा मोठी टोपी सारखी करायचा. हाक द्यायला तोंड उघडायचा... आणि तसाच उभा राहायचा.

मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक. “टपाऽऽल! आलं म्हणायचं!”

मुलं हाकेला हसायचीच. पण त्याआधी, त्या उघड्या तोंडाच्या शांततेत, जास्त हसायची.

हेरंबही तसाच हसला होता. आठ वर्षांचा असताना, फरशीवर पालथा पडून. त्या हसण्यापायीच तो विसाव्या वर्षी दादरला बाईंच्या स्टुडिओत शिकायला गेला. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली राहिला. मग हैदराबादला गेला, नाव काढलं. आता त्याच्या हाताखाली दोनशे माणसं होती. ठमाजी आजच्या मुलांसाठी नव्यानं करायचा असं ठरलं, तेव्हा ते काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं होतं.

“सगळं नीट सांग,” बाई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

“नव्या ठमाजीला स्कूटर दिली, बाई. हातात फोन दिला. पत्रं आता कोण पाठवतं? म्हणून खोकी आणली. गावाच्या जागी सव्वीस मजल्यांची सोसायटी घेतली. मिनिटाला चार विनोद. आणि दारातलं थांबणं काढून टाकलं.”

“का?”

“आताची मुलं थांबत नाहीत. दोन सेकंद काही घडलं नाही की बोट सरकतं. दुसरं काहीतरी बघायला लागतात.”

“मग?”

“शंभर मुलांना बसवून दाखवलं. स्कूटर घसरली, हसली. खोकी अंगावर पडली, हसली. ठमाजीनं हाक दिली... कुणी हसलं नाही.”

“मग?”

“मग थांबणं परत घातलं. जुने भाग काढून बसलो. प्रत्येक दार, प्रत्येक फ्रेम मोजली. महिना लागला. सरासरी काढली. पंच्याहत्तर फ्रेम, म्हणजे बरोब्बर तीन सेकंद. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.”

हे सांगताना हेरंबची मान जराशी ताठ झाली. एवढं बारीक काम आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं, याची त्याला खात्री होती.

“आणि?”

हेरंबची ताठ मान खाली आली.

“परत शंभर मुलांना दाखवलं. ठमाजी दारात थांबला. सगळा हॉल शांत... आणि एक मुलगी म्हणाली, नेट गेलं वाटतं.”

बाई हसल्या. नुसत्या ओठांनी.

“तुम्हीही हसताय.”

“त्या मुलीला हसले. बरोबर बोलली ती.”

हेरंबला ते लागलं. त्यानं पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. मग पिशवीतून टॅब काढला.

“आणखी एक गोष्ट आणली आहे. तुमच्यासाठी.” तो थांबला. “वामनरावांचा आवाज.”

बाईंची बोटं तांदळात थांबली.

वामन तोडकर हा ठमाजीचा आवाज. गिरणीत अठरा वर्षं सूत ओढलेला माणूस. कामगारांच्या नाटकांत सोंगाड्याची कामं करायचा. गिरणी बंद पडली आणि तो बाईंच्या स्टुडिओत आला. मालिका संपल्यावरही तो रोज दुपारी यायचा. खिडकीशी बसायचा, बशीत ओतून चहा प्यायचा, कुणाशी फार बोलायचा नाही, आणि निघताना फक्त बाईंच्या टेबलाकडे बघून “येतो” म्हणायचा. हेरंबनं पाच वर्षं हे रोज पाहिलं होतं. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं त्या वयात त्याला वाटलं नव्हतं.

वामनराव जाऊन सोळा वर्षं झाली होती.

“जुने भाग संगणकाला ऐकवले,” हेरंब सांगत होता. “आता तो आवाज आपण लिहू ते बोलतो. अगदी हुबेहूब. त्यांच्या भाच्याची रीतसर परवानगी घेतली आहे. मला वाटलं, बाईंना... बरं वाटेल.”



त्यानं टॅब त्यांच्यासमोर पाटावर उभा केला आणि भाग सुरू केला.

रंग सुरेख होते. ठमाजीच्या अंगावरच्या कपड्याची वीणसुद्धा दिसत होती. तो लिफ्टमधून बाहेर आला. दारापाशी गेला. टोपी सारखी केली. तोंड उघडलं...

बाईंनी डोळे मिटले.

त्यांचा उजवा हात ताटातून आपसूक वर आला. तीन बोटं जुळली, त्यांत पेन्सिल असावी तशी. अलीकडे तो हात सतत कापायचा. मघाशी चहाचा कपही त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. आता तो कापत नव्हता.

तीन सेकंद झाले.

“टपाऽऽल! आलं म्हणायचं!”

वामनरावांच्या आवाजानं घर भरलं. हेरंबच्या अंगावर काटा आला. त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

बाईंचा हात खाली आला नाही.

ठमाजीनं खोकं चुकीच्या माणसाला दिलं. गोंधळ उडाला. कुणीतरी जिन्यावरून गडगडत गेलं. भाग संपला, पडदा काळा झाला. हात तसाच वर होता.

“बाई... काय झालं?”

“थांब.”

“भाग संपला, बाई.”

“थांब रे जरा. त्यानं अजून श्वास घेतलेला नाही.”

बाहेर कुणाच्या तरी अंगणात खराट्याचा आवाज येत होता. तोही थांबला.

मग हात पुन्हा कापू लागला. हळूहळू खाली आला आणि तांदळावर टेकला.

“त्याच्या छातीत गिरणीतला कापूस होता, हेरंबा. एवढी मोठी हाक द्यायची तर आधी हवा गोळा करावी लागायची. कधी पटकन मिळायची, कधी मिळता मिळायची नाही. आपल्याकडे आधी आवाज घ्यायचे, चित्रं मागाहून. मी काचेच्या अलीकडे कागद घेऊन बसायची. तो थांबला की मी रेघा मारायची. हात चालेल तशा. तो जेवढा वेळ घेईल, तेवढ्या रेघा.”

“म्हणजे ते थांबणं... विनोदासाठी नव्हतं?”

“पहिल्या भागात त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. मला म्हणाला, बाई, एवढं कापून टाका. मी म्हटलं, ठमाजी टोपी सारखी करतोय. तुम्ही सावकाश घ्या.”

“आणि लोक हसले.”

“लोक हसले. मग त्याची भीड गेली. हवा मिळाली की आधी काचेतून माझ्याकडे बघायचा. मिळाली म्हणून. मग हाक द्यायचा.”

हेरंबनं टॅब बंद केला. मग हळू आवाजात म्हणाला, “चौतिसाव्या भागात एक दार आहे. तिथं एकशे नव्वद फ्रेम आहेत. मला वाटलं, जोडताना काहीतरी चूक राहिली असेल. मी ते दार सरासरीतून वगळलं.”

बाईंनी ताट बाजूला सारलं.

“त्या दिवशी मला वाटलं, तो गेला. मी रेघा मारत राहिले. थांबले असते तर...”



“बाई,” हेरंब म्हणाला, “लहानपणी मी सगळ्यात जास्त त्याच दाराला हसलो होतो.”

“ठाऊक आहे. सगळेच.”

पण हेरंबचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. दोनशे माणसं तिकडे त्याच्या निरोपाची वाट बघत होती. तो सावरून बसला.

“मग यावर उपाय आहे, बाई. श्वासही शिकवता येईल. प्रत्येक दाराला वेगळा थांबेल, कधी कमी, कधी जास्त. धापसुद्धा घालता येईल. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही...”

बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

“बाहेर जा.”

“बाई, मी चुकीचं बोललो असेन तर...”

“बाहेर जा. दार ओढून घे. आणि टपाल घेऊन ये.”

फळीवर कुणाच्या तरी वास्तुशांतीची जुनी पत्रिका पडली होती. ती त्यांनी त्याच्या हातात दिली.

हेरंबला वाटलं, बाईंचं वय झालं. पण बाईंचा शब्द मोडायची सवय त्याला नव्हती. तो बाहेर आला, दार ओढलं, पायरीवर उभा राहिला. समोरच्या ओट्यावर काजू सोलत बसलेली एक बाई या इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाकडे टक लावून बघू लागली.

त्यानं घसा खाकरला. “टपाल!”

आतून आवाज आला, “घरात कुणी नाही.”

समोरची बाई तोंडाला पदर लावून वळली.

हेरंबचे कान तापले. तो पुन्हा सरळ उभा राहिला. डोक्यावर नसलेली टोपी सारखी केली, तोंड उघडलं, तीन सेकंद उभा राहिला, मग हाक दिली.

“टपाऽऽल! आलं म्हणायचं!”

“मोजतोयस,” बाई आतून म्हणाल्या. “मला इथवर ऐकू येतंय.”

आता मात्र त्याला राग आला. काय हवंय तरी काय यांना? तो पत्रिकेचा कोपरा चुरगळत उभा राहिला. खाली बघितलं. दार आणि उंबरा यांच्यामध्ये बोटभर फट होती. फटीत घरातला उजेड दिसत होता.

अशीच फट दादरच्या दाराला होती.

दुसरा मजला. लाकडी जिना. खिशात हैदराबादच्या नोकरीचं पत्र. त्या आठवड्यातच बाईंनी नव्या मालिकेचे कागद त्याच्यापुढे ठेवले होते. म्हणाल्या होत्या, ही आपण दोघं करू. हे दुसऱ्या कुणाला त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. आणि तो दारात उभा होता. आत जायचं, सांगायचं, पाया पडायचं, एवढंच होतं. त्यानं वाजवायला हात उचलला...

आणि जिना उतरून गेला होता. पोचल्यावर पत्र लिहू, असं गाडीत ठरवलं. मग पगार वाढल्यावर लिहू. मग स्वतःचं काम उभं राहिल्यावर. मग इतकी वर्षं झाली की काय लिहायचं तेच कळेना.

आता तो आजऱ्यात, दारात, तोंड उघडून उभा होता. हाक द्यायची होती. हाक येईना. तोंड उघडं ते उघडंच. तीन सेकंद झाले. दहा झाले. किती झाले त्याला कळलं नाही. समोरच्या बाईचा काजू सोलायचा हात थांबला.

आणि आतून हसू आलं.

आधी बारीक. मग दाबलेलं. मग न आवरता येणारं. बाई हसत होत्या. समोरच्या ओट्यावरची बाईही खळखळून हसली, कशाला ते तिला सांगता आलं नसतं. हेरंबच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातच आपलं पोट हलतंय हे त्याच्या ध्यानात आलं. तो पायरीवर मटकन बसला. फरशीवर पालथ्या पडलेल्या मुलासारखा हसला.

दार उघडलं. बाई पदरानं डोळे पुसत होत्या.

“तेव्हाही एवढेच दिसत होते,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“पाय.”

हेरंबचं हसू विरलं.

“तुम्हाला... माहीत होतं?”

“तपकिरी चपला. डाव्या चपलेचा अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला.”

“मग तुम्ही हाक का नाही मारलीत, बाई?”

“हाक तुझी होती.”

त्या सावकाश उंबऱ्यावर, त्याच्याशेजारी बसल्या.

“वामन खिडकीशी होता. मी उठायला लागले, तर मला म्हणाला, बसा बाई. पोरगं हवा गोळा करतंय. बोलू नका... म्हणून बसले. हातातली पेन्सिल तशीच. मग जिन्यावर पावलं वाजली. उतरणारी.”

समोरची बाई काजूचं सूप उचलून हळूच आत निघून गेली.

हेरंबला क्षमा मागायची होती. पण अठरा वर्षं शब्द जुळवूनही ते आता हाताशी नव्हते. त्यानं खिशातून फोन काढला आणि हैदराबादला लावला.

“वामनरावांचा आवाज काढून टाका,” तो म्हणाला. “सगळीकडून... नाही, पुढच्या भागापासून नाही. पहिल्यापासून. आणि यंत्रातूनही पुसा... हो, मला माहीत आहे तारीख जवळ आली आहे. पुसा.”

त्यानं फोन पायरीवर पालथा ठेवला.

“आता त्याच्या जागी कुणाला घेऊ, बाई? आवाजाचे चांगले लोक पुष्कळ आहेत. नकला करणारे आहेत...”

“नकला करणारा नको. दार वाजवायला भिणारा माणूस बघ.”

“आणि किती थांबू द्यायचं त्याला?”

“त्याला विचार.”

“मुलांचं बोट सरकलं तर?”

“काहींचं सरकेल.”

“आणि स्कूटर? ती सोसायटी, खोकी? तेही काढून टाकू?”

“स्कूटर राहू दे,” बाई म्हणाल्या. “वामनला स्कूटरची फार हौस होती. कधी घेतली नाही. म्हणायचा, मागे बसणारं कुणी हवं.”

हे बोलून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. हेरंबनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाच वर्षं रोज दुपारी डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला आता दिसली.

मग बाईंनी भात टाकला. हेरंबनं उरलेले तांदूळ निवडून डब्यात भरले. दोघं जेवली. जेवताना जुन्या माणसांची चौकशी झाली, कोण कुठे आहे, कुणाच्या डोळ्यांचं काय झालं. कामाचा विषय निघाला नाही. दुपार कलली तसा तो निघाला. या वेळी पाया पडताना त्यानं वर पाहिलं. बाईंनी कापरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गाडीपर्यंत गेलेला हेरंब परत फिरला.

“बाई, एक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी मी दार वाजवलं असतं... तर?”

बाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिच्या चाकांचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत त्या गप्प होत्या. हेरंब उभा राहिला.

“तर मी ‘जा’ म्हणाले असते.”